लिस्टनच्या पिसवा आणि आपल्या टाकीतला डास

चाळीत आधी उंदीर मेले. मग खोल्याखोल्यांत पिसवा इतक्या झाल्या की लोक अंथरुणं उचलून बाहेर व्हरांड्यात झोपायला लागले. आठवडाही झाला नसेल, तोच पहिला माणूस प्लेगने आडवा पडला. मुंबईतल्या प्लेगच्या काळातला हा एक एप्रिल. त्या चाळीत एक गोरा डॉक्टर आला आणि रहिवाशांच्या अंगावरच्या पिसवा पकडून मोजायला लागला. 30 सापडल्या. त्यातल्या 14 उंदरांवरच्या निघाल्या! एरवी त्याने माणसांवरच्या 246 पिसवा तपासल्या होत्या, तेव्हा उंदराची सापडली होती एकच.

डॉक्टरचं नाव विल्यम ग्लेन लिस्टन. आम्हा काळाचौकीकरांना तो माहीत असायलाच हवा, कारण त्याची प्रयोगशाळा आपल्या शेजारची. लालबाग ओलांडलं की परळ, तिथली हाफकिन संस्था. गव्हर्नरचा जुना बंगला 1899 मध्ये प्लेगच्या संशोधनाला मिळाला. पुढे लिस्टन तिथला संचालकही झाला.

पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्येच कराचीत दाखवलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. लिस्टनला पुरावा मिळाला राणीच्या बागेत! तिथले गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या केसांत सापडल्या उंदरांच्या पिसवा. मेलेला उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते, मग ते गिनीपिगचं असो की माणसाचं. ही खोड ओळखून लिस्टनने प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. घरातल्या पिसवा त्यांच्या अंगावर आपोआप गोळा व्हायच्या. चार पायांचा सापळाच! 1905 मध्ये हे सगळं त्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. रोगावरचा लेख आणि छापला निसर्गप्रेमींनी, हे मला फार आवडतं.

त्याच वर्षी प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या कमिशनचं काम परळला सुरू झालं. लिस्टन त्यात होताच. बरोबर पै, मानकर, अवारी अशी आपल्याकडची मंडळीही होती. प्रयोग बघा किती साधे. प्लेगच्या घरात एक पिंजरा जमिनीपासून 2 इंचांवर, दुसरा 2 फुटांवर. खालच्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, वरचे ठणठणीत! पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. पिंजऱ्याभोवती 6 इंच रुंद चिकट कागद पसरला, तरी आतला प्राणी वाचला. पिसवा नसल्या तर आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले तरी काही होत नव्हतं. प्लेग झालेल्या आईचं दूध पिणारी पिल्लंसुद्धा वाचली.

शहरभरातून उंदीर परळला यायचे. वर्षभरात लाखाहून अधिक तपासले गेले. त्यातून कळलेला क्रम अंगावर काटा आणतो: आधी गटारातला तपकिरी उंदीर मरतो, मग घरातला काळा, आणि मग माणूस.

पिसू प्लेग देते कशी, याचं उत्तर 1914 मध्ये लंडनला मिळालं. मार्टिन आणि बॅकट या दोघांनी पाहिलं की जंतूंचा गठ्ठा पिसवेच्या अन्ननलिकेत बुचासारखा अडकतो. रक्त पोटात उतरतच नाही. उपाशी पिसू चावत सुटते आणि अडकलेलं रक्त जंतूंसकट जखमेत उलटून टाकते. बॅकट मूळचा कारकून, कीटकांचा नाद जपत शास्त्रज्ञ झाला. 1922 मध्ये कैरोत टायफसचं संशोधन करताना तो त्याच रोगाने गेला.

आता लिस्टनची प्लेगच्या कामाआधीची कमाई. परळच्याही आधी तो वऱ्हाडात होता, अचलपूरला. साहेबांच्या भाषेत एलिचपूर. तिथे त्याने वर्षभर डासांच्या सवयी न्याहाळल्या आणि 1901 मध्ये एका नव्या डासाचं वर्णन केलं. जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स या शास्त्रज्ञावरून नाव दिलं अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी. मुंबईला मलेरिया देणारा डास तो हाच! बाकीच्या अ‍ॅनोफिलिसांना शेत, ओढे, डबकी लागतात. याला विहीर, पिंप, गच्चीवरची टाकी चालते. शहरात राहायला शिकलेला डास. 2012 मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि 2022 मध्ये इथिओपियातल्या दिरे दावात त्याच्यामुळे मलेरियाची साथ आली.

मागच्या पावसाळ्यात पालिकेचा माणूस आमच्या गच्चीवर आला. टाकीचं झाकण सरकलेलं. त्याने डावाने पाणी काढून उन्हात धरलं. ‘बघा, ही आडवी,’ तो म्हणाला. बाकीच्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात, अ‍ॅनोफिलिसची पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून काडीसारखी आडवी पडते. दोन काड्या होत्या. सावली पडताच दोन्ही झटकन तळाला गेल्या.