जुन्या मालवाहू गाडीचे ढिले स्टिअरिंग : मालकाने काय पाहावे?

इचलकरंजीहून कापडाच्या गाठी उचलून गांधीनगरच्या पेठेत, नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे पोहोचविणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांची स्वतःची गाडी असते, आणि ती बहुधा जुनीच असते. टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली बाजारात आली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्या आणि महिंद्राचे जुने पिकअप आजही धंद्यावर आहेत. इंजिन बिघडले की मालक त्याच दिवशी गॅरेज गाठतो, कारण गाडी उभी राहते आणि खेप बुडते. स्टिअरिंग ढिले झाले तर गाडी उभी राहत नाही. ती चालतच राहते. ड्रायव्हरचा हात त्या ढिलाईला सरावतो आणि मालक तर गाडी चालवीतच नाही. म्हणून हे दुखणे महिनोन् महिने अंगावर काढले जाते.

आम्ही कापडवाले आहोत, मेस्त्री नव्हे. परंतु इतकी वर्षे गाड्या बाळगल्यावर आणि उद्यमनगरात मेस्त्रीच्या शेजारी तासन् तास उभे राहिल्यावर एवढे समजले आहे की या बाबतीत पैसा दुरुस्तीत कमी आणि चुकीच्या दुरुस्तीत जास्त जातो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ९८ व्या नियमानुसार स्टिअरिंगच्या चाकातला मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. सोळा इंच व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेने मोजले असता सुमारे सव्वाचार इंच होतात. ही शेवटची हद्द झाली. चांगला मेस्त्री दीड इंचाच्या पुढे गेलेला खेळ पाहूनच मान हलवितो. त्याच नियमात असेही आहे की सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तेव्हा हे सारे एकदा तरी पाहिले जाते. पण घाट वर्षातून एकदाच लागत नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. मोकळ्या चाकात अर्धा सेकंद गेला तर साडेपाच मीटर गाडी ड्रायव्हरच्या नव्हे, उताराच्या मर्जीने गेली. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि हमाल बसलेले असतात, आणि मागे दुसऱ्याचा माल असतो.

ढिलाई नेमकी कोठे आहे हे शोधायला दोन माणसे आणि अर्धा तास पुरतो. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर, पुढची चाके सरळ. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावावेत. टायरची हवा आधी तपासावी, कारण हवा कमी असली तरी गाडी डोलते आणि दोष स्टिअरिंगवर जातो. मग एकाने केबिनमध्ये बसून चाक सावकाश डावीउजवीकडे हलवावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने बॅटरी घेऊन खाली पाहावे. हालचाल चाकापासून निघते, स्टिअरिंग बॉक्सात शिरते, ड्रॉप आर्मवर उतरते, तेथून ड्रॅग लिंक, मग टाय रॉड, आणि शेवटी चाके. ज्या सांध्याच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा हलत नाही, रोग तेथे आहे. सांध्यावर बोट ठेवले तर डोळ्याला न दिसणारा धक्काही बोटाला कळतो. बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी बसविला आहे तेही पाहावेत. बोल्ट ढिले असले तर अख्खा बॉक्सच हलतो. बोल्टांच्या भोकांभोवती चासीला तडा गेल्याचेही आढळते.

त्यानंतर पुढचा एक्सल जॅकवर घ्यावा आणि खाली घोडे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. खडखड आली तर ती हबच्या बेअरिंगची आहे की किंगपिनची, हा प्रश्न येतो. येथे उद्यमनगरातली साधी युक्ती कामी येते. एकाने ब्रेक दाबून धरावा आणि चाक पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन-बुश. पुढे पाटे नसलेल्या पिकअपमध्ये किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट असतात आणि जॅक खालच्या आर्मखाली लावावा लागतो. मग चाक दोन्ही कुशींना धरून हलवावे. तेथे टाय रॉडचे सांधे बोलतात.

आता जी गोष्ट सर्वांत जास्त घडते ती सांगतो. स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू आणि त्याला चेकनट असतो. घाईतला मेस्त्री खाली न वाकता हा स्क्रू पिळतो. खेळ कमी झाल्यासारखा वाटतो, मालक खूष, पैसे दिले, गाडी निघाली. खरे तर ढिलाई सांध्यात होती. बॉक्समात्र आता मध्यावर आवळला गेला. अशी गाडी वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, ड्रायव्हरला चाक ओढून आणावे लागते, आणि आतले वर्म व गोळ्या खाल्ल्या जातात. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने दोन वर्षांत तीनदा स्क्रू पिळून घेतला. शेवटी पूर्ण बॉक्स बदलावा लागला, आणि झिजलेला टाय रॉड एंड तसाच होता. स्क्रूला हात लावायचाच असेल तर सर्व सांधे ठीक करून, ड्रॅग लिंक सोडवून, चाक मध्यावर ठेवून थोडा थोडा फिरवावा आणि दोन्ही टोकांपर्यंत चाक अडकत नाही ना ते पाहावे. बॉक्समधले तेलही त्याच वेळी पाहावे. सील गळत असले तर तेल संपलेले असते.

टाय रॉड एंड झिजला तर तो बदलावाच लागतो. ठोकून, वेल्डिंग करून तो चालवू नये. ड्रॉप आर्म तापवून सरळ करणाऱ्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नये, कारण तापवलेल्या आर्मचा कस जातो. नटाचे भोक कॉटर पिनला जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवावा, ढिला करून नव्हे. आणि जुनी पिन परत घालू नये. चार आण्याच्या वस्तूची काटकसर म्हणतात ती हीच.

किंगपिनचे काम मात्र लेथवाल्याचे आहे, आणि आपण कोल्हापुरात आहोत ही त्या बाबतीत सोय आहे. फौंड्री आणि मशीनशॉप यांची या गावाला उणीव नाही. नवे बुश नुसते ठोकून बसविले की काम झाले असे नव्हे. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीमरने काढावा लागतो. पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली पाहिजे. हातोडी लागली तर काम परत करावे. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकल बुशही त्याच दिवशी पाहून घ्यावेत. पाटा सरकला तर एक्सल तिरका होतो आणि नव्या सांध्यांनीही गाडी एका बाजूला ओढते.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी. झिजलेल्या सांध्यांवर अलाइनमेंट करणे म्हणजे सैल मापपट्टीने कापड मोजणे होय.

झीज येते कोठून? बहुतेक वेळा कोरड्या सांध्यातून. पावसाळ्यात आणि ऊस गळिताच्या हंगामात रस्त्यावरचा चिखल फाटलेल्या टोप्यांतून आत जातो, आणि जोराच्या पाण्याने धुतलेल्या गाडीचे ग्रीस निघून जाते. ग्रीस भरताना पुढचा एक्सल उचलून चाकांवरचा भार काढावा, म्हणजे ग्रीस किंगपिनच्या खालच्या बाजूसही पोहोचते. जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहावेत. ड्रायव्हरने स्टिअरिंगची तक्रार केली तर तीही त्याच वहीत, त्याच्यासमोर लिहावी, आणि ती निकाली निघेपर्यंत गाडी घाटाच्या खेपेवर लावू नये.