वजनकाटा एकच, शरीरं वेगळी : कुमारवयातलं जास्त वजन आणि समाजासमाजातला फरक

सौंदडसारख्या गावात मुलांच्या जास्त वजनावर व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर काहींना प्रश्न पडला असेल, की हा तर मुंबई-पुण्याचा विषय. आपल्या झाडीपट्टीत प्रश्न आहे तो बारीक मुलांचा, रक्त कमी असलेल्या मुलींचा, सिकलसेलचा. बरोबर आहे. तो प्रश्न आजही मोठाच आहे आणि आपण तो बाजूला ठेवणार नाही. पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकाच गावात, एकाच वर्गात, कधीकधी एकाच घरात त्या शेजारी-शेजारी दिसतात. तेव्हा आज आपण तीन गोष्टी समजून घेऊ. जास्त वजन मोजतात कसं? वेगवेगळ्या समाजांत फरक का दिसतो? आणि त्या फरकातलं रक्तातलं किती, परिस्थितीचं किती?

आधी मोजमाप

वजन किलोमध्ये घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. येतो त्या आकड्याला बीएमआय म्हणतात. मोठ्या माणसांसाठी जगभर २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर स्थूलता असं धरतात. मुलांचं तसं नसतं, कारण ती वाढत असतात. दहा वर्षांच्या मुलाचा आणि सतरा वर्षांच्या मुलाचा आकडा एकाच फूटपट्टीनं मोजता येत नाही. म्हणून वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता वापरावा लागतो.

आता तक्ता कोणाचा वापरायचा, हा खरा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा तक्ता आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी स्वतःचे तक्ते काढले. त्यात जास्त वजनाची रेषा अशी आखली, की ती मोठेपणी २३ ला जाऊन मिळते आणि स्थूलतेची २७ ला. म्हणजे आपल्या मुलांसाठी रेषा खाली आणली.

एक हिशेब करून बघू. अठरा वर्षांची मुलगी, उंची १६० सेंटीमीटर, वजन ६१ किलो. बीएमआय येतो २३.८. जागतिक तक्त्यानं ती ठीक आहे. भारतीय तक्त्यानं तिचं वजन जास्त आहे. मुलगी तीच, काटा तोच, कागद बदलला की उत्तर बदललं. मग रेषा खाली का आणली?

सारखा आकडा, वेगळी चरबी

याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापला गेला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! बीएमआयला वजन कळतं. ते वजन स्नायूंचं आहे की चरबीचं, हे त्याला कळत नाही.

हा फरक येतो कुठून? याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखीच लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. बाळ दिसायला किडकिडीत, आतून चरबीचा साठा धरलेलं.

आता हे आपल्याकडे लावून बघा. रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर वाकून बांधीत, पायाखाली चिखल, ताटात भात जास्त, डाळ-भाजी कमी, दूध-अंडं तर क्वचित. पोटातल्या बाळाला पुरवठा तुटपुंजा. साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि केंब्रिजचे निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडलं, की असं बाळ काटकसरीनं जगायला शिकून जन्माला येतं. पुढं आयुष्यभर काटकसरच राहिली तर निभावतं. पण बारा-तेराव्या वर्षी अन्न वाढलं आणि हालचाल घटली, की तेच शरीर मिळेल ते साठवायला लागतं.

समाजासमाजातला फरक : रक्त की रस्ता?

आपल्या भागात गोंड, हलबा, गोवारी, पोवार, कोहळी, कुणबी, बौद्ध, ढिवर असे किती समाज एकत्र राहतात. देशपातळीवरची पाहणी सांगते की जास्त वजन आदिवासींमध्ये कमी, शहरी आणि सुखवस्तू घरांत जास्त. यावरून कोणी म्हणेल, 'आदिवासी पोरांची जातच काटक, ती काही लठ्ठ होत नाहीत.' हे वाक्य ऐकायला कौतुकाचं वाटतं, पण त्यानं नुकसान होतं. कारण मग त्या पोरांकडे कोणी बघतच नाही.

अमेरिकेतल्या पिमा आदिवासींचं उदाहरण घ्या. एकाच वंशाचे लोक दोन देशांत राहतात. मेक्सिकोच्या डोंगरात राहणारे शेतात राबतात, घरचं मका-घेवडा खातात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणाऱ्यांची जुनी शेती पाण्याअभावी मोडली आणि खाणं दुकानातलं झालं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेह मेक्सिकोत सुमारे ७ टक्के निघाला आणि ॲरिझोनात ३८ टक्के. पूर्वज सारखे, पण जगणं बदललं तसा आजारही बदलला.

दुसरं असं, की गरिबीचा परिणाम सगळीकडे एकसारखा होत नाही. आपल्याकडे खात्यापित्या घरातली मुलं जास्त वजनाची. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं, गरीब वस्त्यांत मुलांची स्थूलता श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीच्या घरात. तिथं शाळेत मुलांची वजनं नियमानं घेतली जातात. तिथल्या संशोधकांनी दाखवलंय की भारतीय उपखंडातल्या मुलांचा बीएमआय त्यांची चरबी कमी दाखवतो आणि काळ्या आफ्रिकी मुलांची जास्त दाखवतो. म्हणजे वंशाप्रमाणे शरीराची ठेवण थोडी वेगळी असते हे खरं. पण वजन वाढेल की नाही, हे मुख्यतः ठरतं घरातल्या पैशावर, ताटावर, खेळाच्या मैदानावर आणि आईच्या प्रकृतीवर.

आणि जात म्हणजे वंश नव्हे, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे जातीनं जमीन ठरली, काम ठरलं, शाळा ठरली. फरक दिसतो तो बराचसा त्याचा.

सौंदडवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, रेल्वेही आहे. रस्त्यासोबत रोजगार येतो, दवाखाना जवळ येतो, ही चांगलीच गोष्ट. त्याच रस्त्यानं पाच-दहा रुपयांची पाकिटं आणि गोड थंड पेयांच्या बाटल्याही येतात. त्या घेताना दुकानदार जात विचारत नाही.

दोन्ही टोकं एकाच वर्गात

२०१६ ते १८ मध्ये केंद्र सरकारनं मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. १० ते १९ वयाच्या मुलांत २४ टक्के बारीक आणि ५ टक्के जास्त वजनाची निघाली. आणि जवळजवळ १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्याशी. जास्त वजन ५ टक्क्यांना आणि साखरेची गडबड १० टक्क्यांत! म्हणजे दिसायला जाड नसलेली कितीतरी मुलंही त्यात असणार. एक सावधानता मात्र हवी. ही मोजणी तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीवर केली होती, आणि रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर ती तपासणी फसवू शकते. आपल्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं. अशा मुलांची साखर तपासताना डॉक्टरांना सिकलसेलचं आधी सांगायचं, आणि उपाशीपोटीची साखरही बघा म्हणायचं.

मग करायचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, उंची-वजन घेतं. तो आकडा विचारून घ्या, वहीत लिहून ठेवा. घरी एक साधी दोरी पुरते. मुलाच्या उंचीइतकी दोरी कापा, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती, बेंबीच्या पातळीवर धरा. दोन टोकं जुळली नाहीत, तर पोटावर चरबी जास्त आहे असं समजून तपासणी करा. या दोरीला जात नाही, गाव नाही, तक्ता लागत नाही.

शेवटी, व्याख्यानाआधी चिठ्ठ्यांवर आलेले दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : मुलाचं वजन जास्त आहे, तर रात्रीचं जेवण बंद करायचं का? अजिबात नाही. त्याची उंची अजून वाढायची आहे. वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढली, तरी आकडा आपोआप खाली येतो. भात थोडा कमी, डाळ, भाजी, अंडं, मासळी जास्त, बाटलीतलं गोड पाणी बंद आणि रोज तासभर घाम येईल असा खेळ. आणि त्याला 'जाड्या' म्हणणं घरापासून बंद करा. चिडवल्यानं पोरगं मैदानावर जायचं सोडतं, वजन कमी होत नाही.

दुसरा : आमची मुलगी बारीकच आहे, तर आम्हाला या व्याख्यानाचा काय उपयोग? उपयोग तिलाच सगळ्यात जास्त. आज तिला पोटभर आणि चौरस खाऊ घाला, तिचं रक्त तपासा, लग्नाची घाई करू नका. ती उद्या आई होईल, तेव्हा तिच्या बाळाचं शरीर कसं घडेल, याची सुरुवात आजच्या ताटापासून आहे. जास्त वजनाचा प्रश्न आपण काट्यावर बघतो तेव्हा मूल बारा वर्षांचं असतं. त्याची तयारी त्याआधी तेरा वर्षं सुरू झालेली असते.

इतकं बोलून थांबतो. उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं पुढच्या भागात घेऊ.