स्नानगृहातील लाकडी भिंत : शोभा आणि हिशेब

घरात विवाहकार्य ठरले की वास्तूच्या डागडुजीला वेग येतो. पूर्वी रंगसफेदी आणि दिवाणखान्यातील बैठक एवढ्यावर ही हौस भागत असे. आता तिची मजल स्नानगृहापर्यंत पोहोचली आहे. एखाद्या प्रवासात उत्तम हॉटेलातील लाकडी भिंतींचे स्नानगृह पाहिले जाते, मनात भरते, आणि नव्या सुनेच्या खोलीला लागून तसेच करावे असा बेत घरात पक्का होतो. लाकडाचा रंग उबदार असतो, स्पर्श गार नसतो आणि फरशीच्या कोरडेपणापुढे त्याची शोभा उठून दिसते, हे सारे खरेच. मात्र दिवाळीपूर्वी झालेले हे काम पुढच्या चातुर्मासात कोंदट वास देऊ लागते, फळ्या फुगतात आणि कोपऱ्यात मातीची बारीक रेघ वर चढताना दिसते. असा अनुभव अनेक घरांना येतो. दोष लाकडाचा नसतो. आधी न विचारलेल्या प्रश्नांचा असतो.

जेथे लाकूड टिकते

लाकूड आणि पाणी यांचे वैर आहे, ही समजूत अर्धीच खरी. फिनलंडमध्ये सौना म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली संपूर्ण लाकडाचीच असते. त्या संस्कृतीची नोंद युनेस्कोने २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. जपानमध्ये हिनोकी वृक्षाच्या लाकडाची स्नानपात्रे परंपरेने वापरली जातात. त्याच लाकडाचे होर्यूजी मंदिर तेराशेहून अधिक वर्षे उभे आहे. या उदाहरणांतून एकच बोध निघतो : तेथे लाकूड भिजते, पण ओले राहत नाही. स्नान संपले की उरलेल्या उष्णतेने आणि खेळत्या हवेने ते वाळवले जाते.

लाकूड भोवतालच्या हवेतील ओलावा सतत घेते आणि सोडते. त्यामुळे फळी रुंदीत फुगते व आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की कुजविणाऱ्या बुरशीला अनुकूल स्थिती निर्माण होते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवाच दमट असते. त्यात रोजच्या गरम पाण्याची वाफ मिसळली आणि तिला बाहेर जाण्यास वाट नसली, तर उत्तम सागवानाचीही परीक्षा होते.

कोणती भिंत, कोणते लाकूड

पहिला निर्णय जागेचा. जेथे पाण्याची धार थेट पडते, तेथे फरशी अथवा दगडच योग्य. लाकूड आरसा व वॉशबेसिनच्या बाजूच्या कोरड्या भागात, किंवा भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात शोभते.

दुसरा निर्णय मालाचा. सागवानात नैसर्गिक तेलकट अंश असल्याने ते ओल व वाळवी यांना अधिक दाद देत नाही. मात्र हा गुण पक्क्या, गाभ्याच्या लाकडाचा, कडेच्या पांढरट भागाचा नव्हे. प्लायवुड घ्यायचे तर आयएस ७१० हे मानकचिन्ह पाहावे. आयएस ३०३ मध्ये वेगवेगळ्या प्रती येतात, म्हणून प्रत विचारल्याशिवाय सौदा करू नये. एमडीएफची फळी स्वस्त आणि गुळगुळीत खरी, पण कडेने पाणी शिरले की ती फुगते व पूर्ववत होत नाही. ‘ओलावारोधक’ म्हणजे ‘जलाभेद्य’ नव्हे, हा फरक बिलावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावा. केवळ लाकडाचे रूप हवे असेल, तर लाकडी नक्षीची फरशी किंवा पीव्हीसीचे पत्रे हा प्रामाणिक पर्याय आहे; त्यात कमीपणा नाही.

कामाचा क्रम

सुताराला बोलावण्यापूर्वी प्लंबरला बोलवावे. भिंतीतील नळांची गळती तपासून, जलरोधक थर देऊन, भिंत पूर्ण वाळू द्यावी. ओल्या भिंतीवर फळी ठोकणे म्हणजे रोगावर शाल पांघरणे होय. फळ्या काही दिवस घरातच ठेवाव्यात, म्हणजे त्या तेथील हवेशी जुळतात.

फळी थेट भिंतीला चिकटवू नये. आधी रिपा मारून भिंत व फळी यांत हवेची पोकळी ठेवावी. फळ्या उभ्या असतील तर रिपा आडव्या येतात. तेव्हा त्या सलग न मारता मधूनमधून तोडाव्यात, म्हणजे हवा खालून वर जाते. खालची कड जमिनीला टेकू नये. तळाशी फरशीची पट्टी घ्यावी. पॉलिश दर्शनी बाजूलाच नव्हे, तर मागील बाजूला आणि विशेषतः कापलेल्या टोकांना द्यावे, कारण पाणी टोकांतून सर्वाधिक शोषले जाते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच असावेत. साधे लोखंड गंजते आणि लाकडावर काळे डाग पाडते. नळाच्या चाव्यांपाशी उघडता येणारी झडप ठेवावी, अन्यथा लहानशा दुरुस्तीसाठी सारी भिंत उकलावी लागते.

खिडकी झाकू नये

शोभेच्या ओघात जुनी जाळी किंवा झरोका फळीखाली झाकला जातो. येथे प्रश्न पैशांचा उरत नाही. बंदिस्त स्नानगृहात गॅस गिझर चालत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत असलेल्याला धोका कळण्यापूर्वीच भान हरपते. गॅस गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि झरोका कोणत्याही कारणाने बुजवू नये. एक्झॉस्ट पंखा स्नानानंतरही काही वेळ चालू ठेवावा.

खर्चाची दुसरी बाजू

व्यापारी घराला खरेदीची किंमत आणि मालकीची किंमत यांतील भेद सांगावा लागत नाही. लाकडी भिंतीच्या खात्यात सुताराचे बिल ही केवळ पहिली नोंद असते. ठरावीक काळाने पुन्हा पॉलिश, सांध्यांची निगा आणि पावसाळ्यानंतरची तपासणी या पुढील नोंदी होत. त्या सोसण्याची तयारी नसेल तर फरशीच बरी.

जैन घराच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची. वाळवी एकदा घरात शिरली की विषारी औषध फवारण्यावाचून बहुधा मार्ग उरत नाही, आणि तो निर्णय कोणत्याही अहिंसाप्रेमी कुटुंबाला जड जातो. जीवोत्पत्तीला वावच न देणे ही खरी जयणा. कोरडी भिंत, वाहती हवा आणि वेळच्या वेळी पाहणी यांनी ती सहज साधते.

हे सारे पाळून उभारलेली लाकडी भिंत पुष्कळ वर्षे साथ देते. पाहुण्याला तिची चकाकी दिसते. घरच्यांना मात्र तिच्यामागची बोटभर कोरडी पोकळी ठाऊक असते, आणि भिंतीचे आयुष्य तिच्यावरच अवलंबून असते.