फेरी कुत्र्याची, नाकही त्याचेच

फ्लॅटमध्ये पाळलेल्या कुत्र्याचा जवळजवळ सगळा दिवस चार भिंतींत जातो. बाहेरच्या जगाशी त्याची गाठ पडते ती सकाळ-संध्याकाळच्या फेरीत. बहुतेक घरांत मात्र ही फेरी शी-शू उरकण्यापुरतीच असते. लिफ्टने खाली, सोसायटीभोवती एक चक्कर, काम झाले की परत वर. मध्येच कुत्रा एखाद्या खांबापाशी थांबला की पट्ट्याला हिसका बसतो, कारण ऑफिसला जायची घाई असते आणि कुत्र्याचे थांबणे म्हणजे वेळ वाया गेला असे वाटते. प्रत्यक्षात कुत्र्यासाठी फेरीतला सर्वांत मोलाचा भाग तोच असतो.

माणूस नवी जागा डोळ्यांनी पाहतो, कुत्रा ती नाकाने समजून घेतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्यात ही संख्या जातीनुसार साडेबारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत जाते. नाकाची रचनाही हुंगण्यासाठीच बेतलेली आहे. श्वास समोरून आत येतो आणि नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून बाहेर पडतो, त्यामुळे उच्छ्वासाने समोरचा वास उडून जात नाही. आत आलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसांकडे न जाता नाकाच्या मागच्या, गंधपेशींनी भरलेल्या कप्प्यात शिरतो. टाळूच्या वर जेकबसन अवयव नावाचे आणखी एक गंधेंद्रिय असते, तेही दुसऱ्या प्राण्यांनी मागे सोडलेल्या खुणा ओळखायला मदत करते. खांबावरच्या मूत्राच्या वासातून कुत्र्याला कळते की इथे नर येऊन गेला की मादी, मादी माजावर आहे का, खूण ताजी आहे की जुनी.

पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्कूटरच्या टायरपाशी कुत्रा किती वेळ रेंगाळतो, हे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. आधी दुरूनच मान ताणून अंदाज घेतो. मग नाक रबराला जवळजवळ टेकवून खालून वर जातो, एका ठिकाणी थबकतो, झपाझप छोटे श्वास घेतो, मागे सरकतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. तो टायर मंडईतून, दुसऱ्या पेठेतून, चिखलातून, कुठल्या तरी अनोळखी कुत्र्याच्या गल्लीतून फिरून आलेला असतो. ते सगळे वास उलगडायला त्याला मिनिटभर लागते. त्या मिनिटात पट्टा ओढला तर तपास अर्धवट राहतो.

हुंगण्याचा कुत्र्याच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो, हे तपासणारा एक प्रयोग शार्लोट ड्युरांटन आणि न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा खेळ खेळला, तर दुसऱ्या गटाने मालकाच्या पायाला पाय लावून चालण्याचा सराव केला. खाऊ दोघांनाही मिळत होता. सरावाच्या आधी आणि नंतर एक चाचणी घेतली गेली. एका ठरावीक जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असे, दुसऱ्या जागच्या भांड्यात कधीच नसे. मग या दोन जागांच्या मधोमध भांडे ठेवून कुत्रा तिकडे किती लवकर जातो ते मोजले. हुंगण्याच्या गटातले कुत्रे दोन आठवड्यांनंतर त्या मधल्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर जाऊ लागले, म्हणजे तिथे काहीतरी चांगलेच असेल अशी त्यांची अपेक्षा वाढली होती. दुसऱ्या गटात असा फरक दिसला नाही. शिस्तीत चालणे उपयोगाचे आहेच, वाहत्या रस्त्यावर तर त्याला पर्याय नाही. पण सगळी फेरी तशीच काढली तर कुत्र्याच्या पदरी फार थोडे पडते.

म्हणून फेरीचे दोन भाग करावेत. रस्ता ओलांडताना, गर्दीत, फूटपाथवर पट्टा आखूड धरावा. मैदान, टेकडीची वाट किंवा सोसायटीचा शांत कोपरा आला की पट्टा सैल सोडावा, एक ठरलेला शब्द उच्चारावा आणि पुढचा वेळ कुत्र्याच्या हवाली करावा. त्याने स्वतःहून मान वर करेपर्यंत थांबावे. थोड्याच दिवसांत त्या शब्दाचा अर्थ त्याला कळतो आणि इतर वेळची ओढाओढही कमी होते. अपवाद कचराकुंडीचा. तिथे उंदरांसाठी ठेवलेले विष असू शकते. टपरीच्या आसपास पडलेली शिजवलेली कोंबडीची हाडेही धोक्याची, कारण त्यांच्या कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. तोंडात धरलेली वस्तू खाऊच्या बदल्यात ‘सोड’ म्हटल्यावर टाकायला शिकवलेला कुत्रा अशा वेळी वाचतो.

हे सगळे जमण्यासाठी पट्टा योग्य हवा. हातभर लांबीच्या जाड साखळीने नाक जमिनीपर्यंत नीट पोचतच नाही. दोन-तीन मीटरचा साधा कापडी पट्टा रोजच्या फेरीला पुरतो, मोकळ्या मैदानात पाच ते दहा मीटरची लांब दोरी लावता येते. ओढणाऱ्या कुत्र्याच्या मानेवर आणि श्वासनलिकेवर गळपट्ट्याचा ताण येतो, त्याला छातीवरून जाणारा आणि खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस बरा. बटण दाबून लांबणारे पट्टे मात्र आपल्या रस्त्यांवर टाळलेलेच चांगले. त्यांची बारीक दोरी स्कूटरमध्ये, पायांत अडकते आणि हात कापते. कुत्रा ओढू लागला की जागीच उभे राहावे, पट्टा सैल झाला की चालू लागावे. यात पहिले काही दिवस घरापासून फार लांब जाणे होत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही.

वाटेत छोटे खेळही घालता येतात. उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे गवतात विखरून ‘शोध’ म्हणावे. दहा-बारा तुकड्यांच्या शोधात कुत्रा पाच मिनिटे रमतो आणि नुसत्या चालण्यापेक्षा जास्त दमतो. घरातले दोघे बरोबर असतील तर एकाने झाडामागे लपावे आणि दुसऱ्याने कुत्र्याला शोधायला सोडावे. बुटक्या कट्ट्यावरून सावकाश चालवणे, पडलेल्या ओंडक्यावर पुढचे पाय ठेवायला लावणे यांतून तोल सांभाळण्याची सवय लागते. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना उंच उड्या मात्र मारायला लावू नयेत. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग स्पष्ट दिसतो, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. हिरवळीवर लाल चेंडू टाकला तर तो डोळ्यांऐवजी नाकानेच शोधावा लागतो.

जातीनुसार आवड बदलते. बीगल वासामागे खुळा होतो. सोलापूर-सांगलीकडचा कारवान हाउंड नजरेने शिकार करणारा, त्याला सुरक्षित, बंदिस्त मैदानात सुसाट धावायला मिळणे गरजेचे असते. रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लू अनेकदा आवाजांना बिचकते. अशा कुत्र्याला रोज नवा रस्ता दाखवण्यापेक्षा ओळखीचाच रस्ता आधी पक्का करावा. धीट कुत्र्याला मात्र चौकात आल्यावर कुठे वळायचे ते अधूनमधून ठरवू द्यावे. दिवाळीत फटाके सुरू होण्यापूर्वीच फेरी उरकावी, घाबरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो.

ऋतू पाहूनच वेळ ठरवावी लागते. कुत्र्याला पंजांच्या गाद्यांखेरीज फारसा घाम येत नाही, तो धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. चपट्या नाकाच्या पगला, शिह त्झूला तेही नीट जमत नाही. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सूर्य मावळल्यानंतरही डांबर बराच वेळ तापलेले राहते. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात डबक्यांतले पाणी पिऊ देऊ नये, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. घरी आल्यावर पंजे धुऊन कोरडे करावेत, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. गोचिडांमुळे होणारा ताप योग्य उपचार न मिळाल्यास जिवावर बेततो.

भटकी कुत्री दिसली की पुष्कळ जण पट्टा आवळतात. तो ताण कुत्र्याला लगेच कळतो आणि तोही फुगतो. त्याऐवजी पट्टा हलका ठेवून मोठा वळसा घ्यावा. कानाला खाच असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिलेली असते. आरे कॉलनी, जुन्नरचा ऊसपट्टा अशा बिबट्यांच्या भागात तिन्हीसांजेनंतर कुत्रा बाहेर नेऊ नये. टेकड्यांवरही पट्टा काढण्याचा मोह आवरावा, कारण टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि लांडोरही जमिनीवरच घरटे करते. शी उचलायची पिशवी खिशात असावी, शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला लांब चालवणे शक्य नसते. त्याला फाटकापर्यंत न्यावे, बाकावर बसावे आणि भोवतालचे गवत हुंगू द्यावे. कुत्रा फिरवायला माणूस ठेवला असेल तर त्यालाही स्पष्ट सांगावे की किती किलोमीटर झाले हे कोणी विचारणार नाही, थांबेल तिथे त्याला थांबू द्या.