खंडाळ्याच्या घाटात 98.3 वरचं स्टेशन आपोआप का बदलतं?

मुंबईहून लोणावळ्याला निघालात, गाडीत 98.3 लावलंय. खंडाळ्याचा घाट लागला की खरखर वाढते. पुढे मावळात त्याच 98.3 वर निवेदक पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागतो. तुम्ही तर बटणाला हातही लावलेला नाही!

कारण सोपं आहे. रेडिओ मिर्ची मुंबईतही 98.3 मेगाहर्ट्झवर आहे आणि पुण्यातही. रेडिओ सिटीचंही तसंच, दोन्हीकडे 91.1. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे एकच फ्रिक्वेन्सी दोन शहरांना देता येते. घाटात दोन्ही सिग्नल अशक्त होतात आणि एफएम रेडिओ त्यातल्या त्यात जोरदार असेल तो पकडतो.

एकाच जागी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून ही वाटणी. कोणता पट्टा कशासाठी, हे जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरतं. भारतात हे काम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा 1952 पासून करते. एफएमचा पट्टा 108 ला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. वैमानिकांचं बोलणं 118 ते 137 मध्ये चालतं.

उर्से टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो तो 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे ठरलेल्या मर्यादेत परवाना लागत नाही. वायफाय आणि ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झलाही नाही. फुकट म्हटल्यावर गर्दी होणारच. वीकेंडला भरलेल्या हॉटेलात वायफाय रडतं त्याचं हे एक कारण.

मोबाइलच्या पट्ट्यांचा मात्र लिलाव होतो. 2022 च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. या लहरी जनतेची मालमत्ता आहेत, असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय.

आता कामाची गोष्ट. डोंगरातल्या बंगल्यात रेंज नसली की ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' मागवायचा मोह होतो. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे. असा बूस्टर नको तो आवाज टॉवरकडे फेकत राहतो, आणि आसपासच्या फोनचे क्षीण सिग्नल टॉवरला ऐकूच येत नाहीत. घाटात अपघात झाल्यावर 112 ला लावलेला फोनही त्याच टॉवरवरून जाणार असतो.