वाळू तापली की मादीच

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर पहाटे, कासवांची अंडी जपण्यासाठी केलेल्या हॅचरीतली टोपली उचलली की खाली तळहातापेक्षाही लहान, करड्या-काळ्या रंगाची कासवाची पिल्लं वळवळत असतात. त्यातला नर कोणता, मादी कोणती, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. ते ठरलेलं असतं वाळूच्या उबेवर.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परतते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. माणसासारखी लिंग ठरवणारी गुणसूत्रं समुद्री कासवांना नसतात. उबवणीच्या मधल्या टप्प्यात वाळूचं तापमान २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर आणि माद्या साधारण सारख्या निघतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या. फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा! वाळू आणखी तापली तर अंड्यातला जीव अंड्यातच मरतो.

गरम वाळूतून माद्याच निघणं ऑस्ट्रेलियात घडून चुकलं आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान वयाच्या कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होतं. म्हणजे नर अलीकडे कमी होत गेले. मला यातलं सर्वांत काळजीचं हे वाटतं, की सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. माद्या भरपूर, त्यामुळे घरटीही भरपूर. कासव वयात यायला मात्र दहा-पंधरा वर्षं, हिरव्या कासवाला तर त्याहूनही जास्त लागतात. नरांची टंचाई जाणवते ती तेव्हा.

कोकणात हॅचरीवर सावली धरता येते. रात्रीतून कुणाच्या नजरेस न पडलेल्या घरट्यावर ती कोण धरणार?