भाड्याच्या आकड्यात कोण कोण राहतं?

बिस्किटाचा पुडा गडचिरोलीत घ्या नाहीतर मलबार हिलवर, छापील किंमत बहुधा एकच असते. साबण, टूथपेस्ट, खोबरेल तेलाची बाटली, सगळ्यांचं तेच. मग मुंबई महाग म्हणजे नेमकं काय महाग? केस कापायला बसलं की कळतं. कात्री तीच, वीस मिनिटंही तीच. पण सांगलीच्या गल्लीत आणि दादरच्या रस्त्यावर पैसे वेगळे. दादरचा सलूनवाला गाळ्याचं भाडं आणि स्वतःच्या खोलीचं भाडं, दोन्ही अक्षरशः तुमच्या डोक्यावरून वसूल करतो. जे ट्रकमध्ये घालून आणता येतं, त्याची किंमत गावोगाव फारशी बदलत नाही. जे आणता येत नाही, म्हणजे पोळ्यावाल्या मावशी, पाळणाघर, शिकवणी, त्याला त्या शहराच्या जमिनीचा भाव चिकटतो.

आणि जमिनीला भाव कशाने चढतो? या प्रश्नाचं पहिलं नेटकं उत्तर एका जर्मन शेतकऱ्याने दिलं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. योहान फॉन थ्युनेन हा मेक्लेनबुर्गमधला जमीनदार. आपल्या शेतीच्या हिशेबाच्या वह्या तो वर्षानुवर्षं काटेकोर लिहीत असे. 1826 साली त्याने मांडलं की बाजाराच्या गावाभोवती पिकांची आपोआप वर्तुळं पडतात. दूध-भाजी नासते म्हणून सगळ्यांत जवळ, मग जळणाची लाकडं, मग धान्य, आणि चालत बाजारात येऊ शकणारी गुरं सगळ्यांत लांब. वाहतुकीचा जो खर्च वाचतो तोच जमिनीचा खंड होऊन मालकाच्या खिशात जातो. 1964 मध्ये विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने याच गणितात भाजीच्या जागी माणसं बसवली. गाडीभाडं आणि प्रवासाचा वेळ यांत जे वाचतं, ते घरभाड्यात जातं.

आपल्याकडे याचा पडताळा रोज सकाळी डोंबिवली स्टेशनवर होतो. गिरगाव-परळ सोडून डोंबिवली, वसई, विरार गाठलेल्या मराठी कुटुंबांनी थ्युनेनचं नावही ऐकलेलं नसेल, पण हिशेब त्यांचा तोच. समजा, दादर आणि डोंबिवलीतल्या सारख्याच घराच्या भाड्यात महिन्याला 30,000 रुपयांचा फरक आहे, आणि डोंबिवलीकर जाऊन-येऊन रोज दोन तास जास्त घालवतो. पंचवीस दिवसांचे पन्नास तास. म्हणजे चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, दुसऱ्याची बॅग मांडीवर घेऊन, तो तासाला 600 रुपये कमावतो. ऑफिसात त्याला तासाला याहून कमी मिळत असतील, तर डोंबिवलीचा निर्णय शहाणपणाचा. फक्त ही कमाई पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही आणि तिच्यावर आयकरही लागत नाही!

वेळेचं आणखी एक कोडं आहे. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये असा दावा केला की पायी चालण्याचा काळ असो की मोटारींचा, माणूस सरासरी दिवसाला तासभरच प्रवास सोसतो. अर्धा तास जायला, अर्धा यायला. ताशी 5 किलोमीटर चालणाऱ्याच्या आवाक्यात मग अडीच किलोमीटरांच्या त्रिज्येचं शहर येतं. पेठांमधलं जुनं पुणं डोळ्यांपुढे आणा, बसतंय की नाही? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे अशी 34 किलोमीटर आगगाडी धावली, तेव्हा खरं तर शहराची त्रिज्याच ताणली गेली. वेग आठपट झाला तर क्षेत्रफळ चौसष्टपट होतं, एवढी जमीन एकदम हाताशी येते.

पण त्यासाठी आधी वर्तुळ हवं ना! मुंबईच्या दक्षिण टोकाला नोकऱ्या, आणि तिन्ही बाजूंना समुद्र. रेल्वे उत्तरेकडे एक पट्टी तेवढी उघडते. पुण्याला चारी दिशांना पसरता आलं, मुंबईला एकीकडेच. अल्बर्ट सैझ या अर्थतज्ज्ञाने 2010 मध्ये अमेरिकी शहरांभोवती 50 किलोमीटरांची वर्तुळं काढून पाणी आणि चढ मोजले, तेव्हा हेच दिसलं. जिथे बांधण्याजोगी जमीन निसर्गानेच कमी दिली, तिथे घरं महाग. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकातच खाडीपलीकडे नवं शहर वसवा म्हणून जो आग्रह धरला, तो मुंबईच्या पट्टीचं वर्तुळ करण्याचाच होता. त्यातूनच नवी मुंबई उभी राहिली. मुंबईहून समुद्रावरून थेट तिकडे नेणारा अटल सेतू मात्र 2024 उजाडल्यावर खुला झाला.

कधी कायदाही भूगोलावर मात करतो. गिरगावातल्या जुन्या चाळीत पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू महिन्याला काही शे रुपयांत राहतो, आणि शेजारच्या नव्या इमारतीत तेवढ्याच जागेला पगार पुरत नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधून घातली, त्याचा हा परिणाम. अशा भाडेकरूला नाशिकला उत्तम नोकरी मिळाली तरी तो हलत नाही, कारण सोडलेली खोली त्या भाड्यात पुन्हा कुठे मिळणार?

सरकारचा हिशेब तर आणखी मजेदार. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग करतं, आणि कसोटी असते लोकसंख्येची. मुंबई आणि पुणे दोन्ही वरच्या वर्गात. त्यामुळे पुण्याहून मुंबईला बदली झालेल्या कर्मचाऱ्याला भत्ता त्याच टक्क्याने मिळतो, घर मात्र मुंबईच्या भावाने शोधावं लागतं.

आता यातली मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट. जेनिफर रोबॅक यांनी 1982 मध्ये दाखवलं की भाड्यात हवामान, स्वच्छ आकाश, सुरक्षितता यांचीही किंमत मुरलेली असते. जिथे राहायला छान वाटतं, तिथे लोक जास्त भाडं देतात, वर कमी पगारही चालवून घेतात. ‘स्वस्त आणि मस्त’ शहर म्हणूनच फार दिवस स्वस्त राहत नाही. पेन्शनरांच्या शांत पुण्याचं काय झालं ते आपण पाहिलंच. पण हा भाव सगळ्यांच्या आवडींची सरासरी काढून ठरतो, तुमच्या एकट्याच्या आवडीने नाही, आणि फायद्याची फट तिथेच सापडते. ज्याला रात्री अकराला नाटक सुटल्यावर लोकल मिळायला हवी, त्याला मुंबई महागात पडत नाही. ज्याला संध्याकाळी साडेसहाला घरी पोचून मुलांबरोबर जेवायचंय, तो तिथे न बघितलेल्या नाटकांचे पैसे भाड्यातून भरत राहतो. त्याने कोल्हापूर किंवा नाशिक बघावं, आणि पगार थोडा कमी मिळाला म्हणून हळहळू नये.

तेव्हा नवं शहर बघायला जाल तर सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला तिथल्या गर्दीतून एकदा जाऊन या, घराजवळच्या सलूनमध्ये केस कापून घ्या, आणि मगच डिपॉझिटचा चेक फाडा.